जोड पदवी मध्येच तोडू नका : कुलगुरू आणि विद्यापरिषदेला खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : कायदा व जैववैद्यक विज्ञान या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाबाबत काढलेले परिपत्रक मागे घेण्याबाबत

महोदय,

मी आपल्या विद्यापीठात बी.एस्सी. एलएल.बी. या एकात्मिक अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात शिकते. विज्ञानाच्या बाजूला माझा विषय जैववैद्यक विज्ञान, म्हणजे आम्ही सगळे ज्याला नुसते 'बायोमेडिकल' म्हणतो तो. सत्र संपता संपता, परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी सूचनाफलकावर लागलेल्या परिपत्रकातून आम्हाला कळले, की येत्या शैक्षणिक वर्षापासून या अभ्यासक्रमाला नवे प्रवेश दिले जाणार नाहीत. जे आधीपासून शिकत आहेत त्यांना तिसऱ्या वर्षाअखेर बी.एस्सी. घेऊन बाहेर पडण्याचा किंवा बी.ए. एलएल.बी.कडे वळण्याचा पर्याय राहील. या दोन्हीला जे नकार देतील त्यांची उरलेली प्रात्यक्षिके वर्गात 'दाखवून' पूर्ण केली जातील, कारण प्रयोगशाळेची जागा दुसऱ्या विभागाला द्यायची आहे. या सगळ्याचे कारण म्हणून 'अल्प प्रतिसाद व आर्थिक व्यवहार्यता' एवढेच लिहिलेले आहे.

विभागप्रमुख, अधिष्ठाता आणि कुलसचिव कार्यालय यांना आम्ही रीतसर अर्ज दिले. आवक क्रमांक मिळाला, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. विद्यापीठाचे नाव मी त्यात मुद्दाम घातलेले नाही. ज्यांनी ते वाचायला हवे त्यांना ते ठाऊक आहे. आणि बाकीच्या वाचकांनी याकडे एका संस्थेचे भांडण म्हणून पाहू नये, कारण नवा अभ्यासक्रम वाजतगाजत सुरू करायचा, त्याला लागणारी माणसे आणि साधने द्यायची नाहीत, आणि मग तो चालत नाही म्हणून गुंडाळायचा, ही रीत आपल्याकडे एकाच ठिकाणी आहे असे नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. नुसता कायदा शिकवणारी महाविद्यालये नाशिकमध्ये आहेत आणि नुसते विज्ञान शिकवणारीही आहेत. या पदवीची सगळी किंमत ती दोन्ही जिथे जोडली जातात तिथे आहे, आणि तो जोड शिकवू असे माहितीपुस्तिकेत छापूनच आपण आम्हाला बोलावले होते. तो शिकवण्याची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. सकाळी करार कायदा, दुपारी शरीरक्रियाशास्त्र, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध काय हे विद्यार्थ्याने आपापले शोधायचे, अशी तीन वर्षे गेली. जी गोष्ट शिकवलीच गेली नाही तिला प्रतिसाद नाही, असे आता आपण आम्हाला सांगत आहात.

कायद्याच्या विद्यार्थ्याला पेशी आणि विकरे (एन्झाइम) कशाला, हा प्रश्न आम्हाला प्रवेश घेतल्या दिवसापासून ऐकावा लागतो; परिपत्रकाचा सूरही त्याहून वेगळा नाही. त्याचे उत्तर न्यायालयांच्या निकालांत आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरील औषधासंबंधीचा नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला, त्याची परिणामकारकता वाढलेली नसेल तर पेटंट नाकारणाऱ्या, पेटंट कायद्याच्या कलम ३(डी)वर हा वाद उभा होता. इमॅटिनिब मेसिलेट या ग्लिव्हेकमधील द्रव्याच्या बीटा स्फटिकरूपाची जैवउपलब्धता, म्हणजे औषधाचा रक्तात पोहोचणारा वाटा, ३० टक्क्यांनी अधिक आहे, हा कंपनीच्या बाजूचा एक मुख्य मुद्दा होता. औषध रक्तात जास्त पोहोचते म्हणून त्याचा रोगावरचा परिणामही वाढतो असे आपोआप धरता येत नाही, ते पुराव्याने दाखवावे लागते, असे न्यायालयाने म्हटले. जैवउपलब्धता म्हणजे काय हे औषधशास्त्राच्या सुरुवातीच्या तासांतच शिकवतात. ते न शिकता हा निकाल परीक्षेपुरता पाठ करता येतो, पण त्यातला युक्तिवाद कुठे जिंकला आणि कुठे हरला हे कळत नाही.

दुसरे उदाहरण फौजदारी बाजूचे आहे. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या छावला प्रकरणात, म्हणजे एका तरुणीवरील बलात्कार आणि हत्येच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना निर्दोष सोडले. त्या निकालाबद्दल लोकांमध्ये तीव्र मतभेद आहेत आणि पीडितेच्या आईवडिलांचे दुःख कोणत्याही युक्तिवादाने कमी होणार नाही. तरीही त्यातील एक निरीक्षण आमच्या वर्गाच्या भिंतीवर लावावे असे आहे : डीएनए अहवालातील निष्कर्षांना आधार काय होता, आणि तज्ज्ञाने ते तंत्र विश्वासार्ह रीतीने वापरले होते का, हे ना सत्र न्यायालयाने तपासले ना उच्च न्यायालयाने. म्हणजे अहवाल आला, तो दाखल झाला, त्यावर शिक्षा झाली, आणि अहवालाच्या आत शिरून पाहणारे त्या दोन्ही पायऱ्यांवर कुणी नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३)नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे बंधनकारक होत आहे. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. ही मुदत संपेल तेव्हा तालुक्याच्या न्यायालयातही असे अहवाल रोजचे झालेले असतील. ते वाचणारे वकील कुठून येणार आहेत?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. माझे घर निफाड तालुक्यात आहे आणि माझी आई एका सरकारी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. तिला अधूनमधून साक्षीचे समन्स येते. नमुना कुणी दिला, कुणी घेतला, सही तुमचीच का, एवढे विचारून तिला सोडतात. नमुना किती वेळ कुठे ठेवला होता हे विचारणारा वकील क्वचितच भेटतो, असे ती सांगते. बारावीला विज्ञान घेतल्यामुळे मी नीटच्या मागे लागेन असे नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकले होते. मी हा अभ्यासक्रम निवडला तो आईच्या या सांगण्यावरून, आणि वडिलांनी त्याची फी द्राक्षबागेच्या भरवशावर भरली. बागेचा भरवसा म्हणजे काय ते नाशिककरांना वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी एका फौजदारी वकिलांकडे इंटर्नशिप केली. तिथे दारू पिऊन वाहन चालवल्याच्या एका खटल्यात डॉक्टरांची उलटतपासणी चालली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणे हा गुन्हा आहे, आणि सी.ए. रिपोर्टमधला (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातला) आकडा त्या मर्यादेच्या थोडासाच वर होता. बचाव पक्षाच्या वकिलांनी तीन प्रश्न विचारले : रक्त घेण्याआधी हात स्पिरिटने पुसला होता का, बाटलीत सोडियम फ्लोराइड होते का, आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नमुना कुठे होता. फॉर्मवरचा परिरक्षकाचा, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या रसायनाचा, रकाना कोरा होता. डॉक्टर गप्प राहिले, आणि त्या प्रश्नांचे महत्त्व किती हे सरकारी वकिलांच्याही चटकन लक्षात आले नाही. जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या वकीलसाहेबांना समजावून सांगितले, की फ्लोराइड एनोलेज नावाच्या विकराला अडवते, त्यामुळे साखरेचे विघटन थांबते; फ्लोराइड नसेल आणि नमुना उष्ण जागेत पडून राहिला, तर त्यात शिरलेले सूक्ष्मजंतू रक्तातल्या साखरेपासून अल्कोहोल तयार करू शकतात. हेही सांगितले, की हा आक्षेप प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही. सील शाबूत असेल, नमुना थंड जागेत राहिला असेल आणि आकडा मर्यादेच्या बराच वर असेल, तर तोच प्रश्न निव्वळ धूळफेक ठरतो. कुठे आक्षेप खरा आणि कुठे धूळफेक, हे ओळखणारी व्यक्ती त्या दालनात सरकारी बाजूलाही हवी होती आणि बचावाच्या बाजूलाही.

मला हे माहीत होते त्याचे कारण आमचे एक प्रात्यक्षिक. एकाच व्यक्तीचे रक्त साध्या बाटलीत आणि राखाडी टोपणाच्या फ्लोराइडच्या बाटलीत घ्यायचे, दोन्ही बाटल्या टेबलावर तशाच ठेवायच्या आणि ठरावीक वेळाने दोन्हींतील साखर मोजायची. साध्या बाटलीतली साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरत जाते. राखाडी टोपणाच्या बाटलीत सुरुवातीची थोडी घट झाल्यावर ती स्थिरावते. आकडे स्वतःच्या हाताने वहीत मांडताना, नमुना म्हणजे गोठवून ठेवलेले सत्य नसून दर तासाला बदलणारी वस्तू आहे, हे जे लक्षात येते ते फळ्यावरच्या आलेखाने येत नाही. परिपत्रकाने 'दाखवून' उरकायच्या ठरवलेल्या प्रात्यक्षिकांत याच जातीची उरलेली सगळी प्रात्यक्षिके आहेत.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार परिपत्रकातील पर्यायांच्या कायदेशीरपणाबद्दल आहे, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना ती आपल्याच विद्यापीठाविरुद्ध करावी लागते याचे वाईट वाटते. वकिली आणि विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या विधी शिक्षण नियमांतील नियम १३ सांगतो, की एकात्मिक दुहेरी पदवीच्या अभ्यासक्रमात मधूनच प्रवेश देता येत नाही, आणि पदवीचे दोन तुकडे करून त्यातील एक देऊन विद्यार्थ्याला मधूनच बाहेरही काढता येत नाही. तिसऱ्या वर्षाअखेर बी.एस्सी. देऊन मोकळे करण्याचा आपला पर्याय नेमका हाच आहे. बी.ए. एलएल.बी.कडे वळण्याचा पर्यायही तितकाच गोंधळाचा आहे, कारण जो विद्यार्थी तीन वर्षे जीवरसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकला, त्याचे राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राचे विषय कधी आणि कसे पूर्ण होणार याबद्दल परिपत्रकात अवाक्षर नाही. हा निर्णय घेण्यापूर्वी विधी विभागातील एकाही प्राध्यापकाचे मत घेतले गेले का, हे आम्हाला जाणून घ्यायचे आहे. अशा अभ्यासक्रमांत बदल करताना अभ्यास मंडळाची शिफारस लागते, ती या वेळी घेतली होती का, हेही.

तुटलेला अर्धा भाग आम्ही बाहेर कुठे भरून काढू, असे म्हणाल तर तोही रस्ता बंद आहे. त्याच नियमांतील नियम ६ प्रमाणे कायद्याची पदवी करताना दुसऱ्या नियमित पदवीला नाव घालता येत नाही. अपवाद एकात्मिक अभ्यासक्रमाचा, भाषा आणि संगणकाच्या छोट्या अर्धवेळ प्रमाणपत्रांचा, आणि दूरशिक्षणाचा. एकाच वेळी दोन पदव्या करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दिली हे खरे, पण ती मुभा दाखवून बार कौन्सिलचा नियम पुसला जात नाही. मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे आणि त्याच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. परंतु रक्ताचे नमुने, सूक्ष्मदर्शक आणि जेल इलेक्ट्रोफोरेसिस हे घरी बसून शिकण्याचे विषय नाहीत. म्हणजे कायदा आणि जैववैद्यक विज्ञान एकत्र शिकायचे असेल तर नियमाने उघडा असलेला दरवाजा एकात्मिक पदवीचाच, आणि आपण बंद करत आहात तोही तोच.

दुसरी तक्रार आमच्या होणाऱ्या प्रत्यक्ष नुकसानीची आहे. पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे पेटंट एजंटची, म्हणजे इतरांच्या वतीने पेटंटचे अर्ज करणाऱ्याची, परीक्षा द्यायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. बी.एस्सी. एलएल.बी. झालेला विद्यार्थी ती परीक्षा देऊ शकतो, बी.ए. एलएल.बी. झालेला देऊ शकत नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलामुलींनी याच परीक्षेवर डोळा ठेवून प्रवेश घेतला आहे. त्यांना बी.ए.कडे वळवणे हा केवळ गुणपत्रिकेवरच्या नावाचा बदल नाही, एक अख्खा व्यवसाय त्यांच्यासाठी बंद होतो. शिवाय महाडीबीटीवरील ज्यांची शिष्यवृत्ती या अभ्यासक्रमाच्या नावाने मंजूर आहे, त्यांच्या नूतनीकरणाचे काय करणार हे कार्यालयात कुणी सांगू शकलेले नाही.

तिसरी तक्रार प्रयोगशाळेची. सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी आम्ही पहिल्या वर्षात होतो तेव्हापासून आहे; तिच्यावरची चिकटपट्टी आता पिवळी पडली आहे. चालू स्थितीतील मायक्रोपिपेट इतक्या थोड्या आहेत की एका गटाने वापरून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे, आणि वेळ संपली की दुसऱ्या गटाने पहिल्याचे आकडे उतरवून घ्यायचे. पुराव्याच्या कायद्यात आम्ही शिकतो की ज्याने स्वतः पाहिले त्यानेच साक्ष द्यावी, आणि जर्नलमध्ये दुसऱ्याचे आकडे आपले म्हणून लिहितो. प्रयोगशाळा शुल्क मात्र दर वर्षी पूर्ण घेतले जाते.

चौथी तक्रार वेळापत्रकाची. मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटुपुटूचा खटला) आणि प्रात्यक्षिक अनेकदा एकाच दुपारी लावले जाते, कारण विधी विभाग आणि विज्ञान विभाग आपापले वेळापत्रक स्वतंत्र काढतात. नियम १२ प्रमाणे ७० टक्के उपस्थिती हवी, आणि तीत मूट कोर्ट आणि प्रात्यक्षिकेही येतात. म्हणून परीक्षेच्या तोंडावर दर सत्रात काही विद्यार्थी उपस्थिती माफ करून घेण्यासाठी अर्ज घेऊन फिरताना दिसतात. यात दोष त्यांचा नसतो.

पाचवी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विज्ञानाचे बहुतेक शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. ते मन लावून शिकवतात, यात शंका नाही. काही जण तर मानधन थकलेले असतानाही रविवारी जादा तास घेत आले. पण तासिका तत्त्वावरील माणसाला अभ्यास मंडळात जागा नाही, विधी विभागातील शिक्षकांबरोबर बसून विषयाची आखणी करायला वेळ नाही आणि पुढच्या सत्रात आपण असू की नाही याची खात्री नाही. परिणामी आनुवंशिकी शिकताना गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचा उल्लेखही झाला नाही, जरी असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, आपल्याच राज्याने केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये त्याच्या मागून आला. उलट बाजूने, वैद्यकीय निष्काळजीपणाबद्दलचा २००५चा जेकब मॅथ्यू निकाल शिकवताना, डॉक्टरवर फौजदारी कारवाईआधी जे स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे असे न्यायालय सांगते ते मत दिसते कसे, त्यात काय तपासायचे, हे कुणी दाखवले नाही. अवयव प्रत्यारोपण, सरोगसी, वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ची दुरुस्ती, या प्रत्येक ठिकाणी हेच झाले. दोन्ही बाजूंचे शिक्षक आपापल्या जागी बरोबर होते. त्यांना एका टेबलाशी बसवण्याचे काम विद्यापीठाचे होते.

प्रतिसादाच्या अभावाबद्दल बोलायचे तर, किती अर्ज आले, किती प्रवेश झाले आणि किती विद्यार्थी सोडून गेले याचे आकडे आपण जाहीर करावेत, मग त्यावर चर्चा होऊ शकेल. अशा जोड पदव्या कुठेच टिकत नाहीत असे आम्हाला तोंडी सांगितले गेले. ते खरे नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात कायदा आणि जैववैद्यक विज्ञान अशी दुहेरी पदवी आहे. इतके लांब जायचे नसेल तर गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात बी.एस्सी. एलएल.बी. आहे, आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने गुन्हेशास्त्र व न्यायवैद्यक विज्ञानाची बी.एस्सी. एलएल.बी. सुरू केली आहे. गांधीनगर आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे, पण निफाड, सुरगाणा किंवा पेठच्या मुलीला तिथले वसतिगृह आणि तिथली फी परवडेलच असे नाही.

आणि नाशिकमध्ये काय नाही? १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथेच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा शहरात आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत औषधनिर्मितीचे मोठे कारखाने आहेत, ज्यांना औषध नियंत्रण, पेटंट आणि करार या तिन्हींची जाण असलेली माणसे लागतात. औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९च्या नियमांनुसार रुग्णालयांत जी नैतिकता समिती असावी लागते, तिच्या किमान सात सदस्यांत एक कायदेतज्ज्ञ असणे बंधनकारक आहे. चाचणीचा आराखडा वाचता येणारे किती वकील आज या शहरात आहेत, याची चौकशी आपण करून पाहावी. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या विद्यार्थ्याने २० आठवड्यांची इंटर्नशिप करायची असते आणि ती कंपन्यांत व नियामक संस्थांतही करता येते. यांपैकी एकाही ठिकाणी विद्यापीठाने सामंजस्य करार केलेला नाही. आम्ही जिथे गेलो तिथे आपापल्या ओळखीने गेलो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चा दाखला आपल्या प्रत्येक समारंभात दिला जातो आणि बहुविद्याशाखीय शिक्षणाचा गौरव होतो. त्याच धोरणाने उच्च शिक्षणासाठी सुचवलेल्या एकछत्री आयोगातून दोन क्षेत्रे बाहेर ठेवली आहेत : वैद्यकीय शिक्षण आणि विधी शिक्षण. आमची पदवी त्या दोन्हींच्या सीमेवर उभी आहे. अशा ठिकाणी विद्यापीठाने स्वतः पुढाकार घेतला नाही तर दुसरे कुणी घेणार नाही. अनुदान आयोग बार कौन्सिलकडे बोट दाखवील, बार कौन्सिल विद्यापीठाकडे, आणि विद्यार्थी खेटे घालत राहील.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. परिपत्रक मागे घ्यावे. आणि नव्या प्रवेशांबाबत काही निर्णय घ्यायचाच असेल तर तो अभ्यास मंडळ आणि विद्यापरिषदेपुढे आकडेवारीसह ठेवून, विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकून घ्यावा. या बाबतीत चर्चेला जागा आहे हे आम्ही मान्य करतो. जे आज शिकत आहेत त्यांच्याबाबत मात्र नाही : प्रवेशाच्या वेळी जी पदवी सांगितली होती तीच, बी.एस्सी. एलएल.बी., त्याच विषयांसह पूर्ण करून मिळेल अशी लेखी हमी प्रत्येक विद्यार्थ्याला द्यावी. शेवटची तुकडी बाहेर पडेपर्यंत प्रयोगशाळेची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नये, आणि बंद पडलेली उपकरणे पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी दुरुस्त करावीत. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रात्यक्षिक स्वतःच्या हाताने करावे, हा नियम लेखी असावा.

दोन्ही विभागांचे वेळापत्रक एकत्र काढावे. हे काम एका बैठकीचे आहे, त्याला पैसे लागत नाहीत.

विज्ञान विभागात निदान दोन पूर्णवेळ पदे भरावीत. चौथ्या आणि पाचव्या वर्षात वैज्ञानिक पुरावा आणि साक्ष, औषधे व पेटंट, आणि वैद्यकीय संशोधनाचे नियमन असे तीन विषय दोन्ही विभागांच्या शिक्षकांनी मिळून शिकवावेत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९खालील तज्ज्ञाचे मत शिकवताना एक विधी शिक्षक आणि एक जीवरसायनशास्त्राचा शिक्षक एकाच तासाला वर्गात असावेत, आणि विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत स्वतः काढलेल्या निष्कर्षावर स्वतःच उलटतपासणीला उभे राहावे. तसे मूट कोर्ट घेण्याची आमची तयारी आहे, त्याचा आराखडाही आम्ही अर्जासोबत जोडला होता. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि न्यायसहायक प्रयोगशाळा यांच्याकडे इंटर्नशिपसाठी विद्यापीठाने अधिकृत पत्र पाठवावे.

शेवटची मागणी अशी, की हा निर्णय ज्या बैठकीत झाला तिचे इतिवृत्त विद्यार्थ्यांना पाहायला मिळावे. माहितीच्या अधिकारात ते मागता येईल हे आम्हाला शिकवलेले आहे. तशी वेळ येऊ नये.

प्रवेशप्रक्रियेचे वेळापत्रक जाहीर होण्यापूर्वी आपण विद्यार्थी प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. सोबत दोन्ही विभागांचे अधिष्ठाता आणि परीक्षा नियंत्रक असावेत, म्हणजे उत्तरासाठी पुन्हा दुसऱ्या दालनात पाठवले जाणार नाही. नियमांच्या प्रती आणि उपकरणांची यादी आम्ही घेऊन येऊ. या पत्राची स्वाक्षरी केलेली प्रत कुलसचिव कार्यालयात दिली आहे आणि एक प्रत बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या विधी शिक्षण समितीकडे पाठवली आहे.

आपली विश्वासू,
वर्गप्रतिनिधी, तिसरे वर्ष, बी.एस्सी. एलएल.बी.
नाशिक